कादंबरीतून शब्द वेचावेत काय?

परकी भाषा शिकणाऱ्याने तिच्यातील एखादी श्रेष्ठ कादंबरी केवळ शब्दांच्या लोभाने वाचावी काय, हा प्रश्न वरवर पाहता शाळामास्तरांचा आहे. ज्याला इंग्रजीतले भारदस्त शब्द हवे आहेत त्याने ते कोशातून घ्यावेत, याद्या पाठ करून घ्यावेत की कथेतून घ्यावेत, याचा निकाल अनुभवाने लागेल. त्यात नीतीचा संबंध कोठे येतो, असे कोणीही विचारील. माझे म्हणणे असे की संबंध येतो, आणि बराच जवळचा येतो. आम्हां सीमाभागातील लोकांच्या घरात मराठी किंवा कोंकणी, तालुक्याच्या कचेरीत कन्नड आणि उच्च न्यायालयात इंग्रजी अशी तीन मजली व्यवस्था आहे. वरच्या मजल्यावरचा शब्द ज्याला कळतो त्याच्या हाती खालच्या मजल्यावरच्या माणसाचे पुष्कळसे बरेवाईट असते. अशा ठिकाणी शब्द कसा मिळवला आणि तो किती कळला, हे प्रश्न मिळवणाऱ्याच्या खासगी सोयीचे राहत नाहीत.

प्रथम या लोभाचे रूप पाहू. कादंबरी हातात घेऊन, कानावर पेन्सिल ठेवून बसलेला परीक्षार्थी आपण सर्वांनी पाहिलेला असतो. कठीण शब्द आला की तो त्याखाली रेघ ओढतो, समासात अर्थ लिहितो आणि पुढे सरकतो. शिऱ्यातले बेदाणे तेवढे वेचून शिरा बाजूला सारणाऱ्या मुलासारखे त्याचे वाचन चालते. नायिका मेली की जगली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ती कोणत्या विशेषणाने मेली, एवढेच त्याला हवे असते. या गरजेला धरून व्यापारही उभा राहिला आहे. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ साली निघाले, आणि आजही आमच्याकडील पुस्तकांच्या दुकानांत ते हमखास आढळते. पुढे १९९४ साली अमेरिकेत ‘टूथ अँड नेल’ नावाची एक कादंबरीच अशी रचण्यात आली की कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत येणारे शब्द तिच्यात जागोजाग ओवलेले असावेत. कथेने शब्दांची हमाली करावी, असा हा सरळ करार होता, आणि तो उघडपणे केलेला असल्यामुळे त्याला फसवणूक म्हणता येत नाही.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. रसिक म्हणतो, हा वाङ्मयाचा अपमान आहे. कलाकृती स्वतःसाठी वाचावी, तिला शिडी करू नये. व्यवहारी माणूस म्हणतो, पुस्तक पैसे देऊन घेतले आहे, त्याचे काय करावे हा घेणाऱ्याचा प्रश्न. शिवाय डिकन्सला आता काय वाटायचे आहे? मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात; त्यांतही रसिकाचे उत्तर अधिक लटके वाटते, म्हणून आधी त्याचा विचार करतो.

निर्हेतुक वाचन ही पुष्कळ अंशी भरल्या पोटाची कल्पना आहे. आपल्या परंपरेने ग्रंथाकडे हेतू धरून येणाऱ्याला कधी दाराबाहेर उभे केले नाही. देवळात नवस बोलायला येणाराही गाभाऱ्यापर्यंत जातोच. सातव्या शतकाच्या सुमारास वलभी येथे भट्टी नावाच्या कवीने ‘रावणवध’ हे बावीस सर्गांचे काव्य रचले, ते पाणिनीचे व्याकरण शिकवण्यासाठी रचले. अमुक सर्गात अमुक सूत्रांची उदाहरणे, पुढे अलंकार, पुढे क्रियापदांची रूपे, असा सगळा बेत आखून त्याने रामकथा सांगितली. आणि ज्याला व्याकरणाची दृष्टी नाही त्याला या काव्यात फारसे काही गवसणार नाही, हेही त्याने ग्रंथाच्या शेवटी बजावून ठेवले. रसिकाच्या कसोटीने भट्टी हा ‘टूथ अँड नेल’च्या कर्त्यांचा पूर्वजच ठरावा. पण त्या काव्याचे पुढे काय झाले? समुद्र ओलांडून ते जावा बेटात गेले आणि तेथील प्राचीन जावानी रामायणाचा मोठा भाग त्याच्या आधारे रचला गेला. व्याकरणासाठी बांधलेल्या गाड्यातून रामच पलीकडे पोहोचला. आपल्याकडच्या कितीतरी आज्या ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ या पोथ्यांवर बोट फिरवीत अक्षरे शिकल्या. त्यांनी आधी काय मागितले होते, अक्षर की कथा, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तेव्हा हेतू धरून येण्यात दोष नाही. दोष असेल तर तो आल्यानंतरच्या वागण्यात शोधला पाहिजे.

आता व्यवहारी माणसाकडे वळू. त्याच्या बोलण्यामागे एक समजूत लपलेली आहे. शब्द ही मोजता येणारी आणि एक एक करून साठवता येणारी चीज आहे, असे तो धरून चालतो. या समजुतीची थट्टा पतंजलीने दोन हजार वर्षांमागेच करून ठेवली आहे. महाभाष्याच्या आरंभी तो एक आख्यायिका सांगतो. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य आणि अभ्यासाला देवांची हजार वर्षे. बृहस्पतीने एक एक शब्द सुटा सुटा सांगायला घेतला, तरी अंत लागला नाही. मग ज्याचे आयुष्य फार तर शंभर वर्षांचे त्या माणसाने काय करावे? तेथेच जवळ पतंजलीचे दुसरेही एक मार्मिक निरीक्षण आहे. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘मला घडा करून दे’ असे सांगतो. पण शब्द हवे असलेला माणूस वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘मला शब्द करून द्या’ असे म्हणत नाही. याद्यांची पुस्तके विकत घेणारे आज नेमके हेच करीत असतात, आणि त्यांना घडाही मिळतो. फक्त त्यात पाणी राहत नाही.

शब्दाचा अर्थ माणसाला कळतो तरी कसा, याचा विचार आपल्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी जितक्या बारकाईने केला आहे तितका फार थोड्यांनी केला असेल. शब्दाची शक्ती कळण्याची आठ साधने त्यांनी सांगितली आहेत: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि परिचित शब्दाचे सान्निध्य. कोश हे त्यांतले एक आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण व्यवहार हे त्यांनी सर्वांत मूळचे साधन मानले. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. घरातील वडीलधारा धाकट्याला म्हणतो, ‘गाय आण’. धाकटा गाय आणतो. अंगणात बसलेले मूल हे पाहते. त्याला अजून ‘गाय’ कोणती आणि ‘आण’ कोणते ते कळत नाही, पण त्या सगळ्या वाक्याचा आणि त्या सगळ्या क्रियेचा संबंध आहे एवढे कळते. मग कधी ‘गाय बांध’ म्हटले जाते, कधी ‘घोडा आण’ म्हटले जाते. एक शब्द गेला, दुसरा आला. त्याबरोबर क्रियेतले काय गेले आणि काय आले, हे पाहत पाहत मूल अर्थ वेगळा काढते. या घालण्या-काढण्याला शास्त्रकारांनी आवापोद्वाप असे नाव दिले. प्रभाकराच्या अनुयायांनी त्यावरून पुढचा सिद्धांत मांडला की शब्दाला एकट्याने अर्थ नसतोच, दुसऱ्या शब्दांशी जोडलेला असतानाच तो अर्थ देतो. कुमारिलाच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. ते म्हणत, आधी सुटे अर्थ कळतात, मग ते जोडले जातात. हा वाद येथे मिटवण्याची माझी योग्यता नाही. परंतु परकी भाषा प्रौढपणी शिकणाऱ्याच्या बाबतीत प्राभाकरांचे पारडे जड आहे, असे मला वाटते.

ते असे. बेळगावच्या किंवा मडगावच्या अंगणात ‘गाय आण’ ऐकू येते. ‘फिलान्थ्रपी’ ऐकू येत नाही. त्या शब्दाचा व्यवहार करणारे वडीलधारे आमच्या घरात नाहीत. अशा वेळी कादंबरी हे उसने घेतलेले अंगण होते. तेथे माणसे बोलतात, त्यांच्या बोलण्यावर दुसरी माणसे वागतात, आणि आपण कोपऱ्यात बसून शब्दांचे जाणे-येणे पाहतो.

याचे मला चांगले माहीत असलेले उदाहरण चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’चे आहे. वकिलीच्या धंद्यामुळे या कादंबरीशी माझा घरोबा झाला, हे कबूल करतो. ती १८५२ च्या मार्चपासून १८५३ च्या सप्टेंबरपर्यंत मासिक भागांनी निघाली. जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा मृत्युपत्राचा दावा लंडनच्या चान्सरी न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे, आणि त्याच्याभोवती पन्नासएक माणसांची आयुष्ये गुरफटलेली आहेत. डिकन्सला हे न्यायालय ऐकून माहीत नव्हते. १८२७ साली, पंधराव्या वर्षी, तो एका वकिलाच्या कचेरीत कारकून होता. आणि १८४४ साली आपल्या ‘ख्रिसमस कॅरल’ची चोरी करणाऱ्या प्रकाशकांवर त्याने याच न्यायालयात दावा लावला, तो जिंकला, प्रतिवादी दिवाळखोर झाले आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्याच अंगावर पडला. या जिंकण्याचा अर्थ आमच्या पक्षकारांना समजावून सांगावा लागणार नाही.

कोशात ‘फिलान्थ्रपी’ म्हणजे मानवजातीविषयी प्रेम, परोपकारबुद्धी. यादी पाठ करणारा एवढे घेऊन उठतो. कादंबरीत हा शब्द मिसेस जेलिबीच्या घरात भेटतो. ही बाई आफ्रिकेतील बोरिओबूला-घा नावाच्या कल्पित प्रदेशाच्या उद्धारासाठी रात्रंदिवस पत्रे लिहिते. इकडे तिचे एक मूल जिन्यावरून गडगडत असते, थोरली मुलगी शाईने बरबटून आईची पत्रे लिहिता लिहिता रडकुंडीला आलेली असते, आणि नवरा भिंतीला डोके टेकून गप्प बसलेला असतो. डिकन्सने त्या प्रकरणाच्या नावात परोपकाराला दुर्बिणीचे विशेषण जोडले आहे. ते प्रकरण वाचल्यावर ‘फिलान्थ्रपी’ हा शब्द कोणाविषयी वापरायचा झाला तर हात क्षणभर थबकतो. त्या माणसाचे घर पाहून यावे असे वाटते. हे थबकणे त्या शब्दाच्या अर्थातच मोडते, असे मी समजतो. तीच गोष्ट ‘डिपोर्टमेंट’ या शब्दाची. कोश म्हणेल, चालण्याबोलण्यातील डौल. कादंबरीत थोरले टर्व्हीड्रॉप नावाचे गृहस्थ या डौलाचा मूर्तिमंत आदर्श म्हणून मिरवतात. त्यांच्या डौलाचा खर्च भागवता भागवता बायको कष्टाने मेली आणि मुलगा नाचाचे वर्ग चालवून झिजतो आहे. पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या प्रसंगी, हा एकच शब्द येतो आणि दर वेळी त्याचा थोडा थोडा रंग उडतो. यालाच आवापोद्वाप म्हणायचे.

याच कादंबरीत क्रूक नावाचा एक म्हातारा आहे. चिंध्या, बाटल्या, हाडे आणि जुने कागद यांची त्याची रद्दीची वखार आहे. कशाचाही निकाल न लावता सगळे साठवून ठेवतो म्हणून शेजारी त्याला थट्टेने लॉर्ड चान्सेलर म्हणतात. त्याला वाचता येत नाही. मात्र कागदांवरची अक्षरे त्याने डोळ्यांनी टिपून ठेवलेली आहेत. एकदा तो खडूने भिंतीवर एक अक्षर काढतो, ते उलट्या बाजूने, शेपटाकडून काढतो, मग पुसतो. मग दुसरे काढतो, तेही पुसतो. असे करीत तो ‘जार्नडिस’ हा सगळा शब्द काढून दाखवतो, पण दोन अक्षरे भिंतीवर एका वेळी कधी राहत नाहीत. दुसऱ्या कोणाकडून वाचायला का शिकत नाहीस, असे विचारले तर त्याला भीती वाटते की शिकवणारा चुकीचे शिकवील. आणि दैवाचा खेळ असा की ज्या मृत्युपत्राने तो दावा निकालात निघाला असता ते याच म्हाताऱ्याच्या रद्दीत पडून होते. तो मेल्यावर ते सापडले; पण तोवर दाव्याच्या खर्चात सगळी इस्टेट संपून गेली होती. शब्दांच्या वह्या भरणाऱ्या परीक्षार्थ्याला मी क्रूकचे प्रकरण आधी वाचायला सांगेन. एक शब्द लिहायचा, त्याचा शेजार पुसायचा, मग दुसरा लिहायचा, ही त्याचीच रीत आहे.

परीक्षा घेणाऱ्यांनाही हे उशिरा का होईना उमगले, असे दिसते. अमेरिकेतील जी.आर.ई. परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ साली गेले, एस.ए.टी.मधून दुर्मिळ शब्दांनी वाक्ये पुरी करण्याचा प्रकार २०१६ साली गेला, आणि आमच्याकडील विधी-प्रवेशाच्या ‘क्लॅट’ परीक्षेने २०२० साली उताऱ्यांची पद्धत स्वीकारली. परीक्षेचे एवढे पुरे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शब्द कथेतून घेतला की त्याबरोबर कथेची दृष्टीही येते, असे मी म्हणतो. मग ती दृष्टी दुष्ट असली तर? इंग्रज कादंबरीकार अँथनी बर्जेस याच्या ‘ए क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९६२ सालच्या कादंबरीत निवेदन करणारा एक क्रूर तरुण आहे. मारहाण, लुटालूट आणि त्याहून वाईट कृत्ये तो मजेने सांगतो, आणि ती सांगताना बहुतांशी रशियन धातूंवरून बनवलेली एक टोळीबोली वापरतो. अर्थ बहुतेक ठिकाणी दिलेला नाही. वाचकाने संदर्भावरून लावायचा. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही वाचकांना ही कादंबरी शब्दार्थसूचीशिवाय वाचायला दिली आणि पूर्वसूचना न देता नंतर तिच्यातील नव्वद शब्दांची परीक्षा घेतली; सरासरीने सुमारे तीन-चतुर्थांश उत्तरे बरोबर आली. कादंबरीतून शब्द शिकता येतात याचा याहून सरळ पुरावा मिळणे कठीण. परंतु वाचक शिकला काय, ते पाहा. त्या बोलीत ‘चांगले’ या अर्थी जो शब्द आहे तो रशियन ‘खराशो’वरून घडवलेला, पण इंग्रजी कानाला ‘हॉररशो’, म्हणजे भीषणतेचा खेळ, असा ऐकू येणारा आहे. शंभरएक पानांनंतर वाचक अडखळत नाही. भीषण या शब्दाने चांगले समजून घेण्याची त्याला सवय होते. लाथाबुक्क्यांना परक्या शब्दांचा पडदा लागतो आणि पडद्याआडचे रक्त तितकेसे दिसत नाही. बर्जेसने हे जाणूनबुजून केले होते. माणसाचे मन बाहेरून कसे वळवता येते, या विषयावरचे पुस्तक स्वतःच वाचकाचे मन वळवून दाखवील, असा त्याचा बेत होता.

तेव्हा कादंबरी ही चांगुलपणाची शाळा आहे, असे भाबडे विधान मी करणार नाही. अंगणात बसलेल्या मुलाला वडीलधाऱ्यांची भाषा मिळते तशी त्यांची शिवीही मिळते. पण हा आक्षेप शेवटी माझ्याच बाजूने साक्ष देतो. दृष्टीवाचून शब्द घेता आला असता तर ही कादंबरी निरुपद्रवी ठरली असती. याद्यांची पुस्तके कोणालाही बिघडवीत नाहीत, याचे कारण ती कोणाच्या आत शिरतच नाहीत. कथेतून शब्द घेणाऱ्याला मात्र प्रत्येक शब्दाबरोबर एक निवाडा करावा लागतो: हा सांगणारा विश्वासाचा आहे काय? आप्तवाक्य हे साधन सांगताना नैयायिकांनी ‘आप्त’ या शब्दावर जो भर दिला तो उगीच नव्हे.

आता मी ज्याला खरा प्रश्न समजतो त्याकडे येतो. इंग्रजीत ‘रिलिंक्विश’ हा एक शब्द आहे. प्रत्येक यादीत तो असतो. अर्थ, सोडून देणे, त्याग करणे. सोपा शब्द आहे. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला सहदायकीच्या मिळकतीत मुलाइतका हिस्सा मिळाला, तेव्हापासून आमच्या भागात हक्कसोडपत्रांचे काम वाढलेले मी पाहतो. लेख इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार होतो. बहिणीला मराठीच काय ती वाचता येते, कधी तीही येत नाही. काही वर्षांपूर्वी एक साठीची बाई आपल्या भावाबरोबर असाच एक लेख घेऊन माझ्याकडे आली होती. लेख दुसरीकडे लिहिलेला होता. मी तो फक्त नजरेखालून घालावा, एवढीच भावाची अपेक्षा होती. बाईंनी विचारले, “वकीलसाहेब, ह्यात काय लिहिलंय?” मी सांगितले की वडिलांच्या घरातला आणि जमिनीतला तुमचा हिस्सा तुम्ही मोबदला न घेता भावाच्या नावे सोडून देत आहात, आणि हा लेख नोंदला गेला की तो हक्क परत येणार नाही. त्या थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे उद्या मी त्या घरात गेले तर पाहुणी म्हणून जायचं?” त्या दिवशी लेख नोंदला गेला नाही. पुढे काय झाले तो त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे.

तो लेख लिहिणाऱ्याला ‘रिलिंक्विश’ हा शब्द येत नव्हता काय? उत्तम येत होता. शब्द जागच्या जागी होता, स्पेलिंगही बरोबर होते. परंतु बाईंनी एका वाक्यात जो अर्थ सांगितला तो त्याच्या अर्थात नव्हता. ‘ब्लीक हाऊस’च्या शेवटाकडे जॉन जार्नडिस हा वयस्क गृहस्थ, जिने त्याच्याशी लग्न करण्याचे वचन दिले आहे त्या एस्थरला स्वतःहून मोकळी करतो आणि तिचे ज्याच्यावर मन आहे त्या तरुण डॉक्टरच्या हाती देतो. तेथे कसलाही लेख नाही, मुद्रांक नाही. पण आपण काय सोडतो आहोत हे सोडणाऱ्याला पुरते ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते सोडणे आहे. ज्याने ते प्रकरण मनापासून वाचले त्याला हक्कसोडपत्र लिहिताना समोरच्या बाईला हे ठाऊक आहे काय, असा प्रश्न पडण्याचा संभव तरी असतो. कायद्यानेही हे ओळखले आहे. पडदानशीन किंवा निरक्षर स्त्रीने करून दिलेल्या लेखावर जो हक्क सांगतो त्यानेच, तिला तो लेख समजला होता, हे शाबीत करायचे असते. पण ही कायद्याची तजवीज नंतरची, दावा लागल्यावरची. शब्द लिहिणाऱ्याचे कर्तव्य त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

मराठीत ‘शब्द देणे’, ‘शब्द टाकणे’, ‘शब्दाला जागणे’ असे म्हणतात. कोंकणीतही ‘उतर’ म्हणजे शब्द आणि ‘उतर दिवप’ म्हणजे वचन देणे. या दोन्ही भाषांनी शब्दाला वचनाचे वजन दिले. परक्या भाषेचा शब्द मात्र आम्ही बहुधा अशा वजनावाचून घेतो, कारण त्या भाषेत आम्ही कधी कोणाला वचन दिलेले नसते, कोणाची समजूत घातलेली नसते, कोणाची क्षमा मागितलेली नसते. म्हणून त्या भाषेत खोटे बोलणे सोपे जाते. निदान क्रूर बोलणे तरी सोपे जाते. नोटीशीत इंग्रजीतून सहज लिहिलेली वाक्ये मराठीतून पक्षकाराच्या तोंडावर बोलायची झाली तर आमच्यापैकी कित्येकांची जीभ अडखळेल. ज्या शब्दावर कथेतल्या एखाद्या माणसाचे सुखदुःख आपण एकदा पाहिले आहे तो वापरताना मात्र या परकेपणाची मुभा तितकीशी राहत नाही. कादंबरीची शिफारस मी करतो ती याच कारणाने. शब्द अधिक दिवस लक्षात राहतात हा लाभ त्यामानाने लहान.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्याच भूमीत घडले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ साली गोव्यात आला. साष्टीतील देवळे त्याच्या आधी काही वर्षे पाडली गेली होती. स्वधर्माच्या प्रसारासाठी त्याला येथील भाषा हवी होती, म्हणजे त्याचा हेतू आमच्या परीक्षार्थ्यापेक्षा कितीतरी अधिक पक्का होता. परंतु भाषा त्याने यादीने घेतली नाही. १६१६ साली छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. ओवी, पुराणाची ठेवण, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द, हे सगळे त्याने येथल्या ग्रंथव्यवहारातून उचलले. कोंकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. ज्यांची देवळे गेली त्यांच्या वंशजांनी या ग्रंथाकडे कसे पाहावे, याविषयी मतभेद राहणारच, आणि मी ते पुसू इच्छीत नाही. पण त्या ग्रंथात मराठीची जी स्तुती आहे ती हिशेबाने केलेली वाटत नाही. साधन म्हणून जी भाषा हाती घेतली तिच्यात माणूस गुंतत गेला, असे वाटते. वैकुंठ हा शब्द घेताना त्याने आमच्याकडून किती घेतले आणि किती टाकले, याचा विचार कोणी अभ्यासकाने सविस्तर करावा.

राहिला व्यवहाराचा प्रश्न: कोश केव्हा उघडावा? प्रत्येक शब्दाला उघडला तर कथा मरते, आणि कधीच न उघडला तर अंदाजावर अंदाज चढत जाऊन अर्थाचा अनर्थ होतो. ‘इक्विटी’ म्हणजे समानता असे समजून अख्खी कादंबरी वाचून काढलेला एक पदवीधर माझ्या पाहण्यात आहे. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात तसे करावे, असे मी तरुणांना सुचवतो. रोज एक अध्याय. ओळीने वाचून जायचे, अडलेला शब्द तसाच पुढे न्यायचा, तो पुन्हा कोठे भेटतो का ते पाहायचे. अध्याय संपल्यावर कोश काढायचा आणि आपला अंदाज व कोश यांत कोठे फरक पडला ते पाहायचे. शक्य असल्यास घरातील कोणाला तरी तो अध्याय मराठीतून किंवा कोंकणीतून सांगायचा. पुराणिकाला श्रोता मध्येच थांबवून विचारतो तसे त्यांना विचारू द्यायचे. ‘ब्लीक हाऊस’चे अध्याय सदुसष्ट आहेत. आषाढी एकादशीला आरंभ केला तर अधूनमधून खंड पडूनही कार्तिकीच्या आत समाप्ती होते, आणि मूळच्या वाचकांना तर ती पुरी व्हायला दीड वर्ष थांबावे लागले होते.